गयामावशीचं माप

गयामावशीनं माझा हात पहिल्यांदा धरला तेव्हा मला नर्स म्हणून रुजू होऊन पंधरा दिवस झाले होते. सेनगाव तालुक्यातलं गाव. गावाचं नाव सांगत नाही, कारण पुढे माझी एक चूक येणार आहे आणि तिचा डाग गावाला नको. उपकेंद्राच्या पायरीवर बांगड्यांची टोपली उतरवून ती बसली आणि "आणा हात" म्हणाली. मी बांगड्या मागितल्यासुद्धा नव्हत्या. तिनं माझा पंजा घेतला, अंगठ्याच्या बुडाशी दाबलं, मनगटावरून दोन बोटं फिरवली आणि म्हणाली, "शिस्टरबाई, तुमी दुपारचं जेवत न्हाई काय?"

खरंच जेवत नव्हते. नवी नोकरी, चार गावं पायाखाली, डबा तसाच परत जायचा. पण ही कोण मला विचारणारी? मी तोऱ्यात म्हटलं, "तुम्ही बांगड्या भरा."

"भरतेच की. पण तुमच्या हाडाला दोन-चारच्या बसाया पायजेत, आन् दोन-दोनच्या बसून राहिल्यात. म्हून इचारलं."

दोन-दोन, दोन-चार, दोन-सहा ही बांगड्यांची मापं. आकडा वाढेल तशी बांगडी मोठी. दुकानदार आधी माप विचारतो, मग माळ काढतो. गयामावशीला कुणी आपणहून माप सांगितलं तरी तिला राग यायचा. "मला सांगती व्हय गं माप? मंग तूच भर!" म्हणायची आणि हात सोडून द्यायची. तिनं हात धरून निवडलेली बांगडी अडली किंवा सैल झाली, असं कुणी कधी बघितलं नव्हतं. याचा तिला भारी गर्व होता, आणि तो ती लपवत नसे.

नरसीची ही कासारीण. नवरा लवकर गेला, तेव्हापासून टोपली डोक्यावर घेऊन नरसी, साखरा आणि मधली सगळी खेडी तिनं पालथी घातली. उंच, काटकुळी, दातांना मशेरी, आवाज असा की बोळाच्या तोंडाशी बोलली तर शेवटच्या घरातली सून हात धुऊन तयार. बांगडी भरण्याआधी ती नखानं वाजवून बघायची. चांगली काच टिंग करायची, तडा असेल तर आवाज बसका यायचा, मग ती बाजूला. बोलतानासुद्धा हातात एक बांगडी असायचीच आणि मधूनमधून टिंग, टिंग. मी तिच्यावर चिडले की ती जरा जास्तच वाजवायची.

आणि मी चिडायची पुष्कळ. मी रजिस्टरवाली बाई. गरोदर मातांचं रजिस्टर, जन्माचं, लसीचं, वजनाचं. माझ्या समोर कुणी अंदाजानं बोललं की माझं डोकं फिरायचं. गयामावशी तर सगळंच हातावरून सांगायची. "ह्या सुनेला रगत कमी हाय." "हिला दिवस गेलेत, तपासा." मी म्हणायची, "मावशी, तुम्ही आणि तुमची टोपली!" आणि मग गुपचूप तपासायची. बहुतेक वेळा मावशीचं बरोबर असायचं, हे आज कबूल करते. तेव्हा केलं नाही.

सुजाताला पहिली मुलगी झाली त्याला आता पंचवीस वर्षं होत आली. बौद्धवाड्यातली, विशीतली पोर, नवरा गवंड्याच्या हाताखाली जायचा. बारशाला पाळणा बांधला, नाव प्रज्ञा ठेवलं. बाळाच्या हातात काळ्या बांगड्या भरायला गयामावशी आली. मीही होते. तिनं ती एवढीशी मूठ उघडली, तळव्यावरून अंगठा फिरवला. दोन रेघांच्या जागी आडवी एकच रेघ होती, करंगळी आखूड आणि आत वळलेली, आणि हात कसा, भिजवलेल्या कणकेसारखा मऊ. बांगडी न दाबताच आत गेली. मावशीनं माझ्याकडे बघितलं. बाहेर आल्यावर म्हणाली, "शिस्टरबाई, हा हात येगळा हाय. मी असले हात लई भरलेत."

"एका रेघेवरून काही कळत नाही, मावशी. चांगल्या माणसांच्या हातावर पण असते ती."

"असू दे की. तुमी डॉक्टरला दाखवा."

दाखवलं. गाडीतून तीही आली, टोपली मांडीवर घेऊन. डॉक्टर तरुण होते, भले होते. बाळाचे डोळे, मान, पाय बघून त्यांनी डाऊन सिंड्रोम म्हणून सांगितलं, रक्ताची तपासणी लिहून दिली. पुढे हळू आवाजात मला म्हणाले, "यांची वाढ मंदच असते, सिस्टर. फार आशा ठेवू नका." गयामावशीला ऐकू गेलं असावं. ती पुढे झाली आणि म्हणाली, "डाक्टरसाहेब, हात दाखवा तुमचा." त्यांनी गोंधळून दिला. त्यांच्या डाव्या तळव्यावर आडवी एकच रेघ!

"आता तुमची किती आशा ठेवू मी?" मावशी म्हणाली. डॉक्टर आधी लाल झाले आणि मग मनापासून हसले. सुजाता दोन दिवसांनी पहिल्यांदा हसली ती तेव्हाच.

परत येताना तिनं मला नरसीला उतरवून घेतलं. घरात नेऊन फळीवरचा एक पत्र्याचा डबा काढला आणि झाकण उघडून माझ्या पुढ्यात ठेवला. आत काळ्या, इवल्या बांगड्या होत्या, जोडी-जोडीनं दोऱ्यात बांधलेल्या. गेलेल्या लेकराच्या बांगड्या घरात ठेवायला बायांचं मन होत नाही आणि फोडवतही नाहीत. मग त्या गयामावशीला परत देत. तिला विकता येत नसत. तिनं त्या ठेवल्या.

"ह्या सगळ्या तसल्याच हातांच्या न्हाईत," ती म्हणाली. "पर तसल्या हातांच्या लई हायत. त्यातलं एक बी लेकरू दुसऱ्या मापाला गेलं न्हाई, शिस्टरबाई. भरलेली बांगडी हाय तशी माझ्याकडं येती." डब्यावर झाकण लावताना म्हणाली, "ही पोरगी डब्यात येऊ द्यायची न्हाई मला."

माझ्या एकाही रजिस्टरात हा रकाना नव्हता.

आता माझी चूक सांगते.

त्या वर्षी गयामावशीचं गुडघ्याचं दुखणं निघालं आणि वर्षभर ती आमच्या गावाकडं फिरकली नाही. प्रज्ञा दीड वर्षाची झाली. हसरी, लाघवी, कुणाकडंही जायची. सुजाताची सासू धुरपताबाई नातीला कडेवर घेऊन गावभर मिरवायची आणि ज्याला त्याला तिचं मनगट दाखवायची. "बघा, बारशाची बांगडी हाय अजून! दुसऱ्यांच्या लेकरांच्या तीन-तीनदा बदलल्या. आमचं लेकरू गुणाचं, येक बांगडी वाढवली न्हाई." बांगडी फुटली असं आमच्याकडे म्हणत नाहीत, वाढवली म्हणतात. बाया कौतुक करायच्या. मीही करायची! दर महिन्याला वजन घ्यायची, काटा तिथल्या तिथेच असायचा, आणि मी लिहायची, 'वजन कमी, प्रकृती ठीक.' डॉक्टरांचं वाक्य माझ्या डोक्यात बसलं होतं. वाढ मंदच असते. एकदा तसं म्हटलं की पुढे बघायचं कारणच उरत नाही.

लसीच्या दिवशी उपकेंद्राच्या अंगणात बायांची गर्दी होती आणि काठी टेकत गयामावशी आली. धुरपताबाईनं हौसेनं नात पुढे केली. मावशीनं मनगट धरलं, बांगडी एका बोटानं फिरवली. ती गरागरा फिरली. मावशीचा चेहरा उतरला.

"ही कुणी भरली?"

"आता! तूच की, बारशाला."

"मंग ती अजून कशी काय फिरून राहिली?" तिचा आवाज चढला. "दीड साल झालं धुरपताबाई, दीड साल! हात वाढंना लेकराचा, आन् तू मिरवून राहिली?" मग ती माझ्याकडे वळली. "शिस्टरबाई, तुमच्या वहीत काय लिवलंय?"

मी उगाच पानं चाळली आणि वाचलं, "वजन कमी, प्रकृती ठीक."

"कमी बी हाय आन् ठीक बी हाय? हे कसं काय वो?"

"मावशी, असली लेकरं बारीकच असतात," मी म्हटलं.

"असली लेकरं बारीक नसत्यात. आजारी लेकरं बारीक असत्यात!"

पंचवीस बायांच्या देखत माझं तोंड एवढंसं झालं. मी नळी कानाला लावली, पोरीच्या छातीला टेकवली. लसीच्या गडबडीत, रडारडीत, इतके दिवस मी कधी शांतपणे ऐकलंच नव्हतं. धडधडीच्या मधे फुस्स, फुस्स असा आवाज होता. वाटीभर पाणी ओतावं तसा. मी सुजाताला विचारलं, दूध कसं पिते? ती म्हणाली, "दोन घोट पिली की दम लागतो. कपाळ घामानं भिजतं. मला वाटलं, हिचं असंच असतंय." तिला कुणी विचारलंच नव्हतं. विचारायचं काम माझं होतं.

दुसऱ्या दिवशी हिंगोली, तिथून मोठ्या शहरातला दवाखाना. काळजाच्या पडद्याला भोक. सरकारी योजनेत ऑपरेशन होणार होतं. तिथले डॉक्टर म्हणाले, अजून काही महिने गेले असते तर फुप्फुसं इतकी बिघडली असती की ऑपरेशन करताच आलं नसतं. मी ते ऐकलं आणि बाहेर येऊन भिंतीला टेकून उभी राहिले. लाज काय असते ते त्या दिवशी कळलं.

निघायच्या सकाळी धुरपताबाई अडून बसली. ऑपरेशनच्या वेळी अंगावर काही ठेवत नाहीत, हे तिला कळलं होतं. "काळीज चिरा, काय करायचं ते करा, पर लेकराचे हात मोकळे करून मी धाडणार न्हाई. मोकळ्या हातानं गेलेलं माघारी येत न्हाई." सुजाता रडायला लागली, गाडीवाला हॉर्न वाजवायला लागला. मी तापून काहीतरी बोलणार, तोच गयामावशीनं खोबरेल मागवलं. पोरीला मांडीवर घेतली, गाणं म्हटल्यासारखं पुटपुटत तेलाच्या बोटानं दोन्ही बांगड्या अलगद उतरवल्या. एकीला चरा पडला नाही. आपल्या पदराच्या टोकात त्या बांधल्या, दोन गाठी मारल्या.

"वाढवल्या न्हाईत, धुरपताबाई, उतरवल्यात. माझ्या पदरात हायत. आली की ह्याच भरीन. हात मोकळे कुटं झाले?"

धुरपताबाई बाजूला सरली. गाडी गेली. पुढचे दोन-अडीच महिने गयामावशी तेच लुगडं धुऊन धुऊन नेसत होती, गाठ न सोडता. मी एकदा थट्टा केली तर म्हणाली, "तुमी तुमची नळी सांभाळा." ते बोलणं मला लागायला हवं होतं, लागलं.

प्रज्ञा परत आली तेव्हा निरोप गेला आणि मावशी दुपारच्या उन्हात चालत आली. सुजाताच्या दारात गल्ली गोळा झाली होती. मावशीनं गाठ सोडली, बांगडी नखानं वाजवली, टिंग. पोरीचा हात घेतला, अंगठा आत दुमडला, बांगडी सरकवली. ती बोटांच्या पेरांशी अडली. तिनं तेल लावलं. अडली. गयामावशीच्या हातात बांगडी अडली! धुरपताबाई घाबरून म्हणाली, "काय झालं गं?"

मावशी एकदम दोन्ही हात वर करून ओरडली, "बसंना! आगं बया, बसंना! लहान झाली बांगडी!" ती रडत होती, का हसत होती, देव जाणे. गल्लीतल्या बायांना आधी कळेना, मग कळलं आणि त्याही ओरडायला लागल्या. "बसंना! बसंना!" पोरगी घाबरायच्या ऐवजी टाळ्या पिटायला लागली. मी वजनाचा काटा उपकेंद्रातून आणला होता, तो पिशवीतून काढायचं माझं धाडस झालं नाही. काट्याची गरज नव्हती.

त्या दिवसापासून मावशीनं एक खोड लावून घेतली. आमच्या गावात आली की पहिला हात प्रज्ञाचा. बांगडीवाल्यांत दिवसाच्या पहिल्या हाताला मान असतो, तो हात सुदैवी असावा असं बघतात. गावातल्या काही बायांनी कुरकुर केली, तसल्या पोरीच्या हातानं दिवस सुरू करतेस आणि मग आमच्याकडं येतेस. कुरकुरीची कारणं दोन होती, बौद्धवाड्याचं कारण त्या बोलून दाखवत नव्हत्या. मावशीनं टोपली उचलली. "तिच्या नंतर भरायच्या नसतील तर नका भरू. मला साखऱ्याला जायचं हाय." पोळ्याच्या आधी मोकळ्या मनगटांनी किती दिवस राहणार? दुसऱ्या फेरीला सगळ्या आल्या.

प्रज्ञा चालायला उशिरा लागली, बोलायला त्याहून उशिरा. शाळेत गेली, बाईंच्या जवळच्या बाकावर बसली, मोठ्या अक्षरात नाव लिहायला शिकली. बोलणं जरा जाड, सगळ्यांना लगेच समजत नाही. म्हणून तिनं स्वतःची रीत काढली. एखादी गोष्ट नको असली की मनगटं झटकून बांगड्या वाजवायच्या. हवी असली की एकदाच, हळूच. घरातल्या कुत्र्यालाही ते कळायचं.

ती तेरा-चौदाची असताना सुजातानं हौसेनं बाजारातून तिला बांगड्या आणल्या. दुकानदारानं पोरीकडे बघून प्लास्टिकच्या दिल्या, गुलाबी, वर बदकं. प्रज्ञानं घातल्या, मनगट झटकलं. आवाजच येईना. परत झटकलं. मग एकेक काढून तिनं अंगणात भिरकावली. सुजाता म्हणाली, हट्टी झालीय. गयामावशीनं ऐकलं आणि ती भडकली. "हट्टी? तिची जबान काढून घेतली तुमी, आन् वर हट्टी म्हनता?"

अडचण अशी होती की प्रज्ञाचा हात लहान. तेवढ्या मापात पोरींच्याच बांगड्या मिळतात, बायांची काच, बायांची नक्षी त्या मापात येत नाही. मावशी मला घेऊन हिंगोलीच्या ठोक दुकानात गेली. दुकानदार म्हणाला, "मौसी, इस नाप में बच्चों का माल आता है." मावशी तिच्या हिंदीत म्हणाली, "बच्ची नहीं है वो, जवान लडकी है. हाथ छोटा है, उमर छोटी नहीं है. बाई का माल मंगाव." त्यानं हो-ना करत मागवलं. मग दर वर्षी मागवायला लागला, कारण एकीसाठी नाही, मावशी आणखी हात शोधून काढत होती. कळमनुरीकडची एक, साखऱ्याची एक, नरसीतच एका पुजाऱ्याच्या घरातली, जी पाहुणे आले की आतल्या खोलीत असायची. मावशी त्या घराच्या ओट्यावरूनच हाक मारायची, "कुटं गेलं माझं मोठं गिऱ्हाईक?" आणि पोरगी बाहेर यायची.

पुढे पुढे तिची टोपली बघून मला सगळा जिल्हा कळायला लागला. काळ्या इवल्या बांगड्या तसल्या हातांसाठी आता क्वचित लागत. "पयल्यांदा आठवं-नववं लेकरू व्हायचं, चाळिशीची बाई बाळंत व्हायची, त्यात असायचे असे हात," ती म्हणायची. "आता दोनावर थांबत्यात. आन् शहरात तर पोटातच तपासून कळतंय म्हनं."

"कळतं," मी म्हटलं. "मग काहीजणी ठेवत नाहीत."

ती बराच वेळ बांगडी वाजवत बसली. "ज्याचं त्याला ठावं. सुजातासारखी तकलीफ मी कुटं काढली? मी काय बोलू?" मग म्हणाली, "पर शिस्टरबाई, येणारे कमी झाले, आन् आलेले टिकून राहिले. हे बी खरं का न्हाई? माझ्या डब्यात कितीक साल झाले काही पडलं न्हाई." ज्या वर्षी प्रज्ञाला अठरा वर्षं पूर्ण झाली, त्या वर्षी मावशीनं डब्यातल्या सगळ्या जोड्या नरसीला कयाधू नदीत सोडल्या आणि डब्यात साखर भरली. मला त्या साखरेचा चहा पाजला. मी दोन कप प्याले.

अठराव्या वर्षी प्रज्ञाला बरोबर दोन-दोनच्या बसायच्या. त्याचा तर मावशीला काय अभिमान! कारण तिनं एक गोष्ट करून ठेवली होती. प्रज्ञा ऑपरेशनहून आली, बारशाची बांगडी बसली नाही, त्याच आठवड्यात मावशीनं निळ्या काचेच्या, सोनेरी टिकल्यांच्या बांगड्यांची एक माळ घेऊन ठेवली होती. दोन-दोनची. दीड-दोन वर्षांच्या पोरीचा हात बघून बाईच्या हाताचं माप! "असा हात मोठा झालेला मी बघितलाच न्हवता. पर अंदाज केला, दोन-दोनच्या वर जायचा न्हाई. बघा, बराबर!" तरी ती माळ तिनं तेव्हा दिली नाही. घरातल्या पहिल्या लग्नात भरीन, म्हणाली, सगळ्यांच्या देखत.

ते लग्न प्रज्ञाच्या धाकट्या भावाचं. लग्नाच्या आधीच्या तीन वर्षांत मावशी फिरणं बंद करून नरसीला बसली होती. एका डोळ्यात मोतीबिंदू, बोटांना कंप. मी निवृत्त झाले होते. ती गेल्याला आता वर्ष होईल, आणि मी तिला शेवटचं बघितलं ते या लग्नघरीच. सुजातानं गाडी पाठवली, मावशी टोपलीसकट उतरली. मांडवात बाया रांगेनं बसल्या. नवरदेवाच्या मामीनं प्रज्ञाला बाजूला घेऊन म्हटलं, "तुला काहून काच? टोचंल ना. तुझ्यासाठी रबरी आणलेत." प्रज्ञानं दोन्ही मनगटं अशी झटकली की मांडव वाजला.

"पयला हात तिचा!" मावशी टोपलीपाशी बसूनच ओरडली.

प्रज्ञा समोर जाऊन बसली. मावशीनं टोपलीच्या तळातून कापडात गुंडाळलेली निळी माळ काढली. बावीस-तेवीस वर्षांची काच, पण काय लखलख करत होती! "ही पोरगी दीड सालाची व्हती तवा घेतल्यात," तिनं सगळ्यांना सांगितलं. मामीकडे बघून जरा जास्तच मोठ्यानं सांगितलं. बांगडी वाजवली, टिंग. हात चाचपायच्या भानगडीत ती पडलीच नाही, माप तिला पाठ होतं. अंगठा दुमडला, बांगडी सरकवली.

अडली.

तिनं पुन्हा सरकवली. साबणाचं पाणी मागितलं. अडली. ती बारशाची बांगडी सोडली तर पन्नास वर्षांत जे कुणी पाहिलं नव्हतं ते चारचौघांत होत होतं. सुजाता म्हणाली, "राहू द्या मावशी, डोळ्यानं दिसत न्हाई तुमाला." प्रज्ञा तेवढी शांत होती. म्हणाली, "मावशी, ल्हान हाय ही."

तेव्हा मावशीनं बांगडी मांडीवर ठेवली आणि तो हात त्या दिवशी पहिल्यांदा नीट हातात घेतला. अंगठ्याच्या बुडाशी दाबलं. तळवा चाचपला, पेरं चाचपली. बोटांच्या खाली घट्टे होते.

"ही भाकरी थापती का गं?"

"रोज," सुजाता म्हणाली. "शाळेतल्या लेकरांचं जेवण मी करते, तर कणीक हीच मळती. घरच्या भाकरी बी हिच्याच. तीन साल झाले. मला हात लावू देत न्हाई."

मावशीनं तो तळवा आपल्या गालाला लावला. मग मान वर केली, आणि तोच आवाज, बोळाच्या टोकापर्यंत जाणारा, वय विसरून बाहेर पडला. "बसंना! आगं बया, बसंना! पंजा बघा हिचा! कामाच्या बाईचा पंजा हाय!" धुरपताबाई नव्हती आता. पण जुन्या बायांना आठवलं, त्या ओरडायला लागल्या, आणि मी, नळीवाली, रजिस्टरवाली, साठीची बाई, त्यांच्यात सगळ्यांत मोठ्यानं ओरडत होते. मला इतका अभिमान माझ्या स्वतःच्या लेकीच्या लग्नातसुद्धा वाटला नव्हता, खोटं कशाला बोलू.

मावशीनं टोपलीतून दोन-चारच्या काढल्या, साध्या निळ्या, आणि दोन्ही हातांत भरल्या. रीतीप्रमाणे प्रज्ञानं वाकून तिला नमस्कार केला आणि एकदाच, हळूच, बांगड्या वाजवल्या.

उन्हं उतरायच्या आत तिला गाडीत बसवून दिलं. टोपली मागे ठेवली, पण निळी माळ तिनं मांडीवरच घेतली आणि नखानं एकेक बांगडी वाजवत बसली. ड्रायव्हर नरसीचाच, तिच्या ओळखीचा. मागे वळून म्हणाला, "काय मावशी, माल माघारी आला का?"

"व्हय रे," मावशी म्हणाली. "माप चुकलं माझं. पोरगी मोठी झाली."